पसरणी घाट, हाफ क्लच आणि सव्वा मिलिमीटरची पुंजी

वाईत माझं गॅरेज आहे. महाबळेश्वरला जाणारा रस्ता दारावरून जातो, आणि गाव मागे पडलं की पसरणी घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १३०० च्या जवळ, आणि मधलं अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर. एवढ्याशा रस्त्यात गाडी सहाशे मीटर वर चढते. एरवी हा घाट अवघड नाही. पण नाताळचा आठवडा, मे महिना किंवा शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी असली की गाड्या एकीला एक चिकटून घाटात उभ्या राहतात. मग माझा फोन वाजायला लागतो. "दादा, जळका वास येतोय. इंजिन ओरडतंय, पण गाडी चढतच नाही."

गेली २६ वर्षं मी हे फोन घेतोय. वर जाऊन बघावं तर रस्त्याच्या कडेला गाडी, बॉनेट उघडलेलं, लहान मुलं रडकुंडीला आलेली आणि कठड्यावर शाल पांघरून बसलेली आजी. जीव तुटतो. कारण सकाळी पुण्याहून निघताना त्या गाडीची क्लचप्लेट बहुतेक वेळा चांगली असते. घाटातल्या त्या अर्ध्या-पाऊण तासात ती जळते. आणि ती सहज वाचली असती. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी आत काय असतं ते बघू. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जाड लोखंडी चकती असते, ती इंजिनबरोबर फिरते. तिच्यावर बोल्टनं बसवलेली प्रेशर प्लेट असते. या दोघींच्या मध्ये क्लचप्लेट. क्लचप्लेटचा दांडा गिअरबॉक्समध्ये जातो आणि तिथून चाकांकडे. पेडल मोकळं असतं तेव्हा स्प्रिंगच्या जोरानं प्रेशर प्लेट क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि तिन्ही एकजीव फिरतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगची बोटं दाबतं, पकड सुटते आणि क्लचप्लेट मोकळी होते.

आता जातं आठवा. खालची तळी स्थिर असते, वरची फिरते, म्हणून मधल्या दाण्याचं पीठ होतं. दोन्ही तळ्या एकत्र फिरल्या तर दाणा दिवसभर तसाच राहील. क्लचचंही तेच. पेडल पूर्ण सोडलेलं असेल तर सगळं एकत्र फिरतं, घासण्याचा प्रश्न नाही. पूर्ण दाबलेलं असेल तर प्लेटवर दाबच नाही, तेव्हाही घासत नाही. दळण पडतं ते फक्त मधल्या जागेत, पाय अर्धा असतो तेव्हा. त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी जागेवरून उचलताना हाफ क्लच लागतोच, त्याला इलाज नाही. पण ते काम एक-दोन सेकंदांचं. तिथे तुम्ही दहा सेकंद राहिलात की आठ सेकंदांचं दळण फुकट गेलं.

आणि दळायला आत असतं तरी किती? एकदा आमच्या बाकावर नवी आणि जुनी प्लेट शेजारी शेजारी ठेवून दाखवली की गिऱ्हाईक गप्पच होतो. नव्या प्लेटचं लायनर, म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर, करडं-तपकिरी, खरबरीत, बोट फिरवलं तर दोऱ्याची वीण हाताला लागते. लायनर बसवलेले पितळी रिव्हेट पृष्ठभागाच्या खाली दबलेले असतात. छोट्या गाडीच्या प्लेटमध्ये ही खोली साधारण एक-सव्वा मिलिमीटर भरते. लायनर झिजत झिजत रिव्हेटपर्यंत आलं की प्लेटचं आयुष्य संपलं. म्हणजे प्रत्येक बाजूला तुमची पुंजी ही एवढी, सव्वा मिलिमीटर. घाटातून टो करून आणलेल्या गाडीची प्लेट काढली की ती काळीकुट्ट असते, काचेसारखी चमकते. नखानं खरवडलं तर भुगा पडतो. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग पडलेले असतात. वास इतका उग्र, की गिअरबॉक्स खाली घेतल्या घेतल्या आमचा पोरगा शटर पूर्ण वर करतो. काही वेळा अशा प्लेटवर लायनर शिल्लक असतं, रिव्हेट अजून खोल असतात, पण उष्णतेनं त्याची पकड मेलेली असते. ती प्लेट झिजलेली नसते, भाजलेली असते.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याला मी एकदा विचारलं, चढावर गाडी नुसती हाफ क्लचवर धरून ठेवली तर आत उष्णता किती तयार होते? त्यानं जॉबकार्डच्या पाठीमागे गणित मांडलं. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी, शंभर मीटरला आठ मीटर चढ, इंजिन १५०० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्या), पहिला गिअर. उत्तर आलं जवळपास तीन किलोवॅट. घरची इस्त्री हजार वॅटची असते. तीन इस्त्र्या फुल करून एका बंद लोखंडी डब्यात ठेवल्यासारखं झालं हे, आणि त्या डब्याला वारा लागायला जागा नाही. गाडी मात्र एक इंचही पुढे गेलेली नाही. तो कागद मी गॅरेजच्या भिंतीला चिकटवून ठेवलाय.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं तेच आधी सांगतो. उभी गाडी धरून ठेवण्याचं काम ब्रेकचं आहे, क्लचचं नाही. घाटात पुढची गाडी थांबली की फूटब्रेक, मग हँडब्रेक पूर्ण वर, न्यूट्रल, आणि डावा पाय क्लचवरून खाली. दर वेळी. पाच सेकंद थांबायचं असलं तरी. "इतक्यात निघेल" म्हणून जो माणूस क्लच-रेसवर गाडी झुलवत ठेवतो, त्याचाच फोन मला येतो.

चढावर गाडी उचलायची कशी

हे नीट जमलं तर निम्मं काम झालं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुढची गाडी हलली म्हणून लगेच निघू नका. मधे एक एसटी मावेल एवढी जागा होऊ द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. दोन-दोन फूट सरकत राहिलं की प्रत्येक दोन फुटाला एकदा प्लेट घासते. तेच तीस फूट एकदम गेलात तर एकदाच घासते. शिवाय तीस फुटांत गाडी पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून चालते, आणि त्या चालीत प्लेटला थोडा विसावा मिळतो.

जागा झाली की क्लच तळापर्यंत दाबा, पहिला गिअर टाका. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून लिव्हर हातात धरा, पण खाली सोडू नका. थोडी रेस द्या. पेट्रोल गाडीला पंधराशेच्या आसपास पुरतं, डिझेलला त्याहून कमी. गाडी गच्च भरलेली असेल तर किंचित जास्त. तीन-साडेतीन हजाराला रेटून क्लच सोडणं म्हणजे प्लेटवर आगपेटी ओढणं. आता क्लच हळू उचलत न्या. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. गाडी हँडब्रेकशी ओढाताण करायला लागते. हीच ती जागा. तिथे हँडब्रेक खाली, रेस थोडी वाढवा, आणि मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत क्लच पूर्ण बाहेर. पाय पेडलवरून बाजूला.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत सीटबेल्ट लावलेला असताना गाडी ओढ घेऊ लागली की तो आपोआप सुटतो. हिल होल्ड असलेल्या गाड्या ब्रेकवरचा पाय काढल्यावर दोन-एक सेकंद मागे घसरू देत नाहीत. चांगली सोय आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. पाच मिनिटांच्या कोंडीत हँडब्रेकच लावायचा.

क्लच पकडतो ती जागा पायाला सापडेपर्यंत सराव करावा लागतो. माझ्या मुलीला मी रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर नेलं आणि पहिला अर्धा तास रेसला पायच लावू दिला नाही. पहिला गिअर, फक्त क्लच हळू हळू उचलायचा, गाडी हलली की पुन्हा दाबून ब्रेक. दहा वेळा, पंधरा वेळा. सपाटीवर आजकालच्या गाड्या रेस न देता पहिल्यात सात-आठ किलोमीटरच्या वेगानं आरामात चालतात, इंजिन स्वतःच सांभाळून घेतं. पायाला एकदा ती उंची कळली की मग हलक्या चढावर हँडब्रेक घेऊन तेच. जे लोक अनेक वर्षं गाडी चालवतात, त्यांनीही गाडी बदलली की हे दहा मिनिटं करावं. प्रत्येक गाडीची जागा वेगळी असते, आणि प्लेट झिजत जाते तशी तीही बदलते.

डावा पाय

माझे वडील एसटीत चालक होते, वाई डेपोला. हा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला त्याची मोजदाद नाही. मला गाडी शिकवताना ते डाव्या बाजूला बसायचे आणि माझा पाय गिअर बदलल्यावरही क्लचवर रेंगाळला की गुडघ्यावर बोटानं टिचकी मारायचे. बोलायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात गुडघा दुखायला लागला, दुसऱ्या आठवड्यात पाय आपोआप उचलला जायला लागला. आजही गिअर पडला की माझा पाय डावीकडे जातो.

पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवणं ही सवय शहरात फार आहे. आपण दाबत नाही असं वाटतं, पण पायाचं वजन काही कमी नसतं. तेवढ्यानंही बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर टेकतं, पकड थोडी ढिली होते आणि जोर लावला की प्लेट सूक्ष्म घसरते. शंभर किलोमीटर अशी चालवली की कळत नाही, पन्नास हजार किलोमीटर चालवली की कळतं. बहुतेक गाड्यांत क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला वेगळी जागा दिलेली असते. पाय तिथेच ठेवा.

आता एक नेहमीचा वाद. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून उभं राहिलं तर प्लेट झिजते का? नाही, प्लेट झिजत नाही. पण रिलीज बेअरिंग सगळा वेळ दाबाखाली फिरत राहतं, स्प्रिंगची बोटं दाबलेली राहतात, केबलची गाडी असेल तर केबल ताणलेली राहते. बेअरिंग स्वतः महागडं नसतं, पण ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शिवाय मिनिटभर दाबून ठेवलेला पाय थकतो आणि नकळत अर्ध्यावर येतो. म्हणून सिग्नल लाल असेल तर न्यूट्रल. हिरवा व्हायला दोन-तीन सेकंद राहिले की मग गिअर.

बसण्याची जागाही बघा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट मागे असेल तर पाय तळापर्यंत पोचत नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरत पडतो. आणि मॅट! हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे "गिअर अडतोय" म्हणून आलेल्या काही गाड्यांत दोष एवढाच निघाला, की मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकलेली, आणि पेडल शेवटचा बोटभर खाली जातच नव्हतं. मॅट काढली, तक्रार संपली. गिअरबॉक्स उघडण्याआधी मॅट उचलून बघा.

चालत्या गाडीत

चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दमली, थरथरायला लागली, तर काही लोक क्लच थोडा दाबून रेस वाढवतात, म्हणजे इंजिन मोकळं होऊन पिकअप येतो. पिकअप येतो खरा, पण तो प्लेट जाळून येतो. दुसरा गिअर टाका, त्यासाठीच तो दिलाय. पसरणी घाटात भरलेल्या छोट्या गाडीला बराचसा रस्ता दुसराच लागतो, वळणावर कधी पहिलाही. त्यात कमीपणा कसला? वडिलांची एसटी वळणाआधीच खालच्या गिअरमध्ये आलेली असायची, वळणात त्यांचा हात कधी गिअरला जायचा नाही.

जागेवरून नेहमी पहिल्यात उचला. गाडी अगदी हळू सरकत असेल तर दुसरा चालतो, पण पूर्ण थांबलेली गाडी दुसऱ्यात उचलली की प्लेटला जवळजवळ दुप्पट वेगापर्यंत घासत जावं लागतं. गिअर वर टाकताना क्लच पटकन सोडला तरी चालतो. खाली आणताना मात्र क्लच सोडण्याआधी रेसला हलका स्पर्श द्या, म्हणजे इंजिनचा वेग वर येऊन प्लेटला जुळतो आणि हिसका बसत नाही. हे जमायला महिनाभर लागेल. लागू द्या.

उतारावर गोष्ट उलटी. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून घाट उतरू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले तर पुढचं मला लिहायलाही नको वाटतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, पाय क्लचपासून लांब. आणखी एक, फारसं कुणी न सांगितलेलं: वेगात असताना क्लच दाबून चुकून पहिला गिअर पडला आणि गाडी तशीच पळत राहिली, तर चाकं प्लेटला फिरवत राहतात. ६० च्या वेगाला पहिल्या गिअरमध्ये प्लेट आठ हजार आरपीएमच्या घरात फिरते. लायनर त्यासाठी बनलेलं नसतं, ते फाटून वेगळं होऊ शकतं.

रिव्हर्स आणि चिखल

घाट नीट चढून आलेल्या गाड्यासुद्धा वर हॉटेलच्या पार्किंगमध्ये जळतात. पाचगणी-महाबळेश्वरला जागाच चढ-उताराची. रखवालदार शिट्टी वाजवत "मागे घ्या, मागे घ्या, थोडं डावीकडे" करतो, गाडीत सहा माणसं, डिकीत बॅगा, आणि चढावर रिव्हर्स. रिव्हर्स गिअर पहिल्याच्याच आसपासचा असतो, त्याहून हळू गाडी चालवायची म्हणजे हाफ क्लचशिवाय मार्ग नाही. पाच मिनिटं असं मागे-पुढे केलं की धूर निघतो.

त्यामुळे आधी माणसं आणि सामान उतरवा. मग गाडीतून उतरून स्वतः जागा बघा. वळवून घेण्याचं काम जिथे सपाट असेल तिथे उरका आणि चढावर सरळ एका दमात घाला. तोंड चढाकडे करून लावणं शक्य असेल तर तसंच लावा, म्हणजे सकाळी रिव्हर्स उताराला निघेल. रखवालदाराला नम्रपणे सांगा, की दादा, दोन मिनिटं द्या. तो देतो.

पावसाळ्यात जोर-बलकवडीच्या बाजूला फिरायला गेलेल्या गाड्या चिखलात रुततात. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, हे दोन वेळा झालं की थांबा. पुढे-मागे झुलवत रेस देत राहिलं तर चाक आणखी खाली जातं आणि प्लेट तापते. पोतं, दगड, झाडाच्या फांद्या चाकाखाली सारा, माणसांना ढकलायला सांगा, आणि मग एकदाच हलक्या रेसनं. दुसरी गाडी ओढून काढायला आपली छोटी गाडी लावू नका. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर असतो, आणि शेतकरी नाही म्हणत नाहीत.

वास आलाच तर

जळका वास आला की पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे बाजूला घ्या, हझार्ड लाइट लावा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकाला दगड. न्यूट्रल करून, क्लचवरून पाय काढून इंजिन काही मिनिटं नुसतं चालू ठेवलं तर आतले भाग एकत्र फिरून थोडी हवा खेळते. मग बंद करा. किमान अर्धा तास थांबा. बाटलीतलं पाणी गिअरबॉक्सवर ओतू नका. आतल्या प्लेटपर्यंत ते उपयोगाचं पोचत नाही, आणि तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर गाडी नीट उचलली, वास पुन्हा आला नाही, तर सावकाश जा, पण शक्य असेल तर चढाची वाट सोडून खाली या. घसरतच असेल तर ओढून न्या. एकदा एका कुटुंबानं माझं न ऐकता "पाचगणीपर्यंत तरी" म्हणून तशीच रेटली. प्लेटबरोबर फ्लायव्हीलही गेलं, आणि खर्च दुप्पट झाला.

घरी करायच्या तपासण्या

वाई ते सुरूर रस्त्यावर सपाट, मोकळा पट्टा आहे, मी गिऱ्हाइकाला घेऊन तिथे जातो. तुम्हीही असाच एखादा रस्ता निवडा. चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला एकदम रेस दाबा. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीनं वाढले तर ठीक. काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागून येत असेल तर प्लेट घसरतेय.

आवाजावरून बरंच कळतं. इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच दाबल्यावर सर्रर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उचलताना गाडी थरथरत असेल तर फ्लायव्हीलवरचे डाग, प्लेटवर लागलेलं ऑइल किंवा इंजिन माउंटिंग, तिन्ही बघावं लागतं. रिव्हर्स टाकताना खरखर म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये.

केबलवाल्या गाडीत पेडल बोटानं दाबून बघा. सुरुवातीला थोडी सैल चाल हवी, किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ती संपली तर तुम्ही पाय न ठेवताही क्लच कायम किंचित दाबलेला राहतो. दहा मिनिटांचं काम आहे, सर्व्हिसिंगला आवर्जून सांगा. पेडल जड झालं असेल तर आधी केबल बघायची. हायड्रॉलिक क्लच केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालतो, आणि त्यात ब्रेकचंच ऑइल असतं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. पेडल पायाखाली हळूहळू बसत असेल किंवा ऑइलची पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती लगेच शोधा.

बदलायची वेळ आलीच तर

सगळं सांभाळूनही एक दिवस प्लेट संपतेच. आमच्याकडच्या एका शिक्षिकेची छोटी गाडी एक लाख तीस हजार किलोमीटर मूळ प्लेटवर चालली, रोज वाई-सातारा. दुसऱ्या एकाची तसलीच गाडी तीस हजाराला आली.

बदलताना पूर्ण सेट घ्या: क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. फक्त प्लेट टाकून हजार-दोन हजार वाचवले आणि सहा महिन्यांत बेअरिंग गेलं, तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते. गिअरबॉक्स खाली आहे तोवर इंजिनच्या मागच्या ऑइल सीलकडे बॅटरी मारून बघायला सांगा. ते पाझरत असेल तर नवी प्लेट ऑइलनं भिजून पुन्हा घसरेल. फ्लायव्हीलवर बोट फिरवून घ्या, खाचा किंवा निळे डाग असतील तर ते लेथवर घासून घ्यायचं की बदलायचं हे तेव्हाच ठरवा. काही डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असतं, ते फार महाग, आणि सरसकट घासता येत नाही. आधी किंमत विचारा. मेकॅनिकचे हात ग्रीसचे असतील तर लायनरला हात लावण्याआधी पुसायला सांगा. मी माझ्या पोरांना रोज सांगतो, त्यांना वाईट वाटत नाही.

जुने भाग मागून घ्या आणि रिव्हेट बघा. लायनर रिव्हेटपर्यंत घासलंय की काळं पडून चकाकतंय, यावरून तुमचा पाय कसा चालतो ते तुम्हालाच दिसेल. नवी प्लेट बसवल्यावर पहिले पाचशे किलोमीटर जड सामान नको, घाटातली कोंडी नको, जोरात उचलणं नको. लायनर आणि लोखंड एकमेकांवर नीट बसायला तेवढा अवधी लागतो. वाईतल्या गिऱ्हाइकाला मी त्या दिवसांत सातारा-वाई सपाटीनं फिरायला सांगतो, आणि पाचशे झाले की एकदा गाडी घेऊन या म्हणतो. पेडलची चाल पुन्हा बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही.